मुळशीच्या वाटेवरची एक रात्र

पौषांतील एका शनिवारीं मुळशीस जाऊन येण्याचा बेत आम्हीं घरांत सांगितला, तेव्हां कोणासच त्याचें विशेष वाटलें नाहीं. सेवानिवृत्त मास्तरानें थंडीच्या दिवसांत धरण पाहावयास जावें, वाटेंत एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं भाकरी खावी आणि परत आल्यावर चार पानांचें प्रवासवर्णन लिहून मासिकाकडे धाडावें, ही आमची रीत घरच्या मंडळींच्या आणि वाचकांच्याही परिचयाची आहे. परंतु या खेपेस आमच्या मनांत धरणाखेरीज दुसरेंही कांहीं होतें, आणि तें आम्ही घरांत कोणाजवळच बोललों नव्हतों.

त्याचें मूळ पितृपंधरवड्यांत आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू आमच्याच घरीं असतो. वय चोवीस, हिंजवडीस संगणकाच्या एका कंपनींत नोकरी, स्वभावानें गरीब. आमच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं तो पंक्तीस बसला, तेव्हां त्याच्या डाव्या भुंवईवर पट्टी दिसली. व्यायामशाळेंत लोखंड लागलें असें त्यानें सांगितलें, आणि आम्हींही भातावर तूप वाढून घेतां घेतां तें खरें मानलें. पुढें चार दिवसांनीं त्याचा सदरा धुवावयास टाकतांना आमच्या कुटुंबाच्या हातीं एका दवाखान्याची चिठ्ठी आली. पांच टांके, धनुर्वाताची सुई, आणि वेळ रात्रीं दोन वाजून चाळीस मिनिटें.

मग हळूहळू सर्व कळलें. पौड रस्त्यावरील एका नाइटक्लबांत मित्राचा वाढदिवस होता. नाचतांना कोणाचा कोणास धक्का लागला, शिवीगाळ झाली, आणि दारावरच्या दोघां दांडग्यांनीं भांडणारे कोण व पाहणारे कोण याचा निवाडा न करतां हातास लागतील तितक्यांना पायऱ्यांवरून खालीं लोटलें. भुंवई मात्र पायरीवर फुटली नाहीं. आंतलें भांडण बाहेर येऊन अंधारांत पुन्हा उभें राहिलें, तेथें ती फुटली. त्यानें काय घेतलें होतें हें आम्हीं विचारलें नाहीं. आपल्या राज्यांत कडक मद्यास पंचवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात व सौम्य बिअरीस एकवीस, एवढें आम्हांस ठाऊक होतें, आणि त्याहून अधिक जाणण्याची आमची छाती नव्हती.

"मग घरीं फोन कां नाहीं केलास?" असें आम्हीं विचारलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें नुसतें दाराच्या कडीकडे पाहिलें.

आमच्या घरीं रात्रीं दहाला कडी लागते. ती वडिलांच्या वेळेपासून लागते. दहानंतर ज्यास येणें असेल त्यानें सकाळीं यावें, हा दंडक. मुलगा त्या रात्रीं रक्त पुशीत मित्राच्या खोलीवर जाऊन निजला होता.

हें जें ठिकाण, तें एकदां डोळ्यांनीं पाहावें, दिवसाही पाहावें आणि रात्रींही पाहावें, असें तेव्हांपासून मनांत होतें. त्याचें नांव आम्ही लिहीत नाहीं. एकावर बोट ठेवल्यानें बाकीचे सोंवळे ठरतात, तसें आम्हांस करावयाचें नाहीं.

पौडची बस सकाळीं साडेआठास मिळाली. चांदणी चौकांत आल्यावर आम्ही नेहमींप्रमाणें गोंधळलों. तेथील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, सुरुंगानें पाडला आणि पुढच्या वर्षीं ऑगस्टांत नवे रस्ते व पूल खुले झाले. कोणता रस्ता कोणत्या रस्त्याच्या अंगावरून जातो हें समजण्यास आतां भूमितीची परीक्षा दिलेली असावी लागते. पूर्वीं या चौकानंतर पुणें संपलें असें वाटे. आतां तें पिरंगुटापर्यंत संपतच नाहीं. बावधन, भूगांव, भुकूम हीं गांवें एकामेकांत शिरलीं आहेत. भूगांवचा मानस तलाव तेवढा अजून आपल्या जागीं आहे. रस्त्याच्या दोहों बाजूंस मंगल कार्यालयें, मोटारींचीं दुकानें, जमिनींच्या विक्रीचे फलक, आणि मधून मधून इंग्रजी नांवांचीं तीं ठिकाणें.

दिवसा त्यांकडे पाहून कोणासही भय वाटणार नाहीं. आमच्या नातवाचें तें ठिकाण आम्हीं खिडकींतून पाहिलें, तेव्हां लोखंडी दार अर्धें वर होतें, एक पोऱ्या बाटल्यांचे क्रेट धूत होता, आणि ज्या पायऱ्यांबद्दल आम्हीं तीन महिने विचार केला होता त्यांवर मांजर उन्हांत झोंपलें होतें. पायऱ्या एकंदर सात.

पौडास आमचा विद्यार्थी मोटार घेऊन उभाच होता. हाही आतां मास्तर आहे आणि त्याचेही केस पिकूं लागले आहेत. पौड हें तालुक्याचें ठाणें. शिवकाळांतील बारा मावळांपैकीं एक पौड मावळ, तें हेंच खोरें. येथून पुढें रस्ता चढूं लागतो, भातखाचरें सुरू होतात, आणि थोड्या वेळानें उजवीकडे एकाएकीं तें पाणी दिसतें.

मुळशीचें पाणी आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे व प्रत्येक वेळीं आमचें मन थोडें खालीं जातें. तें फार सुंदर आहे, हेंच त्याचें कारण असावें. मुळा नदी अडवून टाटा कंपनीनें बांधलेलें हें धरण १९२७ सालीं पुरें झालें. येथील पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे कोंकणांत भिरा येथें उतरतें, तेथें वीज होते, आणि ती मुंबईस जाते. या खोऱ्यांतील बावन्न गांवांवर त्यासाठीं संकट आलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' हें नांव याच लढ्यानें दिलें. विनायकराव भुस्कुटे यांचें नांव त्यामानानें लोक विसरले, तें विसरूं नये. सत्याग्रह तीन वर्षें चालला आणि मोडला. मोडण्याचें एक कारण असें कीं, जमिनी कसणारे मावळे होते, पण पुष्कळ जमिनींचे धनी व सावकार पुण्यांत राहात होते. ते आमच्याच ज्ञातीचे होते, आणि नुकसानभरपाईचा आंकडा ठरल्यावर त्यांनीं ती घेतली. आमच्या आजोळच्या दप्तरांत अशा एका भरपाईची पावती आहे. लहानपणीं आम्ही तिच्यावरील मोहोर मोठ्या कौतुकानें पाहात असूं.

धरणाच्या भिंतीजवळ उभे असतां विद्यार्थी सहज म्हणाला, "गुरुजी, मुंबईची रात्र उजेडांत राहावी म्हणून आमचीं गांवें अंधारांत गेलीं. आतां शंभर वर्षांनीं तो रात्रीचा उजेडच इकडे राहायला आला आहे." त्यानें हें हंसत म्हटलें. आम्ही हंसलों नाहीं.

दुपारीं त्याच्या मातोश्रींनीं आंबेमोहोराचा भात, पावट्याची आमटी आणि तांदळाची भाकरी वाढली. मुळशीच्या आंबेमोहोराचा वास ज्यास ठाऊक आहे त्यास अधिक सांगणें नको, आणि ज्यास नाहीं त्यास सांगून उपयोग नाहीं. जेवणानंतर ओटीवर गोष्टी निघाल्या त्या जमिनीच्या. हिंजवडी हें गांव मुळशी तालुक्यांतलेंच. तेथें गेल्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या कंपन्यांसाठीं वसाहत उभी राहूं लागली आणि एकरांनीं मोजली जाणारी जमीन गुंठ्यांनीं मोजली जाऊं लागली. एकराचे चाळीस गुंठे. जमीन गेल्यावर हातीं आलेला पैसा मोटारींत, लग्नांत, निवडणुकींत गेला. 'गुंठामंत्री' हा शब्द त्यांतून निघाला, आणि पैसा सरल्यावर ज्या पोरांनीं हत्यारें उचललीं त्यांच्यावर २०१८ सालीं 'मुळशी पॅटर्न' नांवाचा चित्रपटही निघाला. विद्यार्थ्याला त्या नांवाचा राग आहे. "तालुक्यांत सातआठशें पोरें माझ्या हाताखालून गेलीं, गुरुजी, त्यांतलीं बहुतेक बस, ट्रक, दूध, नाहींतर कारखान्यांत आहेत. पण पॅटर्न म्हटला कीं लोकांना पिस्तूलच दिसतें."

मग त्यानें शेजारच्या एका मुलास हांक मारली. वय पंचविसाच्या आंतबाहेर, मान बैलासारखी, बोलणें मात्र फार हळू. वडिलांनीं जमीन विकली, चुलत्यांशीं त्या पैशांवरून दावा चालू आहे, आणि हा दर शनिवार-रविवारीं रस्त्यावरच्या एका क्लबाच्या दारावर उभा राहतो. आमच्या नातवाच्या क्लबाचाच तो निघाला. त्या रात्रीं तो तेथें होता कीं नव्हता, हें आम्हीं विचारलें नाहीं व त्यानें सांगितलें नाहीं. परंतु पट्टीची गोष्ट ऐकतांना त्यानें खालीं पाहिलें.

तो मूळचा तालमींतला. मुळशीस कुस्तीचें वेड जुनें आहे. २०१७ च्या डिसेंबरांत महाराष्ट्र केसरीची स्पर्धा याच भूगांवांत भरली होती. तालमींत वस्ताद पहिल्याने काय शिकवितो, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, पडायला शिकवतो. मग दुसऱ्याला न मोडतां धरायला शिकवतो. "आणि दारावर?"

"दारावर शिकवतंय कोण, गुरुजी? उंची बघत्यात, दंड बघत्यात, काळा टी-शर्ट देत्यात. ह्याला भाईर काढ म्हनलं की काढायचा. पायरीखाली गेला की आपलं काम संपलं."

"आणि पायरीखालचें?"

"पायरीखालचं सरकारचं."

हें वाक्य आम्हीं तेथेंच टिपून घेतलें. त्यांत उर्मटपणा नव्हता. आपल्या नोकरीची हद्द तो सांगत होता. त्यालाही भय असतें, असें त्यानेंच पुढें सांगितलें. समोरचा पोरगा कोणाचा कोण आहे, खिशांत काय आहे, उद्यां गांवांत कोण दारांत येऊन उभा राहील, हें आधीं कळत नाहीं. २००५ च्या कायद्याप्रमाणें खासगी सुरक्षारक्षक पुरविणाऱ्यास परवाना लागतो, रक्षकाची पोलिसांकडून चौकशी व्हावी लागते, त्यास शिक्षण द्यावें लागतें. परंतु तालमींतून थेट उचलून आणलेल्या मुलास रक्षक म्हणावयाचें कीं नुसता नोकर म्हणावयाचें, येथेंच फट राहते, आणि ही फट मालकांस सोयीची आहे.

संध्याकाळीं परत फिरावें असें विद्यार्थ्याचें मत. आम्हीं त्यास आमचा बेत सांगितला तेव्हां तो आमच्याकडे अशा नजरेनें पाहूं लागला कीं, पूर्वीं आम्ही त्याच्याकडे गृहपाठ न आणल्यावर पाहात असूं. अखेर तो मोटार घेऊन बरोबर आला. रात्रीं अकरापासून आम्ही दोघे त्या क्लबासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलों.

आम्ही पाप पाहावयास गेलों होतों, हें कबूल केलें पाहिजे. दिसलीं तीं बहुतेक नोकरीचीं मुलें-मुली. आठवडाभर मान मोडून काम केलेलीं, हंसणारीं, एकमेकांचे फोटो काढणारीं. आंतल्या वाद्याचा ठोका इतका कीं आमच्या पेल्यांतल्या चहावर वर्तुळें उठत. एक मुलगी बाहेर येऊन टपरीवाल्यास म्हणाली, "मामा, पांच मिनिटं बसूं का? डोकं दुखतंय." त्यानें तिला स्वतःचें स्टूल दिलें व पाणी दिलें, आणि ती जाईपर्यंत आपण उभा राहिला. आम्हांस आमचें तारुण्य आठवलें. सवाई गंधर्व महोत्सव त्या काळीं पहांटेपर्यंत चाले. त्या रात्रीं आम्ही कोठें आहों हें वडिलांस ठाऊक असे, आणि वर्षांतल्या तेवढ्या तीन रात्रीं आमच्या घरची कडी लागत नसे. हें आम्ही इतक्या वर्षांत विसरलों होतों. त्या टपरीवर एकदम आठवलें.

पुण्याच्या डोंगरांत अशा रात्री अलीकडेच आल्या असें नाहीं. सिंहगडाच्या पायथ्याशीं डोणज्यास २००७ च्या मार्चांत पोलिसांनीं एका मेजवानीवर छापा घालून अडीचशेंहून अधिक तरुण-तरुणी पकडल्या होत्या. परंतु पुण्याच्या घराघरांतून खरी भीति शिरली ती १९ मे २०२४ च्या पहांटे. मुंढव्याच्या दोन मद्यगृहांतून निघालेला सतरा वर्षांचा मुलगा अडीचच्या सुमारास कल्याणीनगरांत परदेशी मोटार भरधाव घेऊन आला आणि दुचाकीवरील दोन तरुण अभियंते जागच्या जागीं गेले. त्यांतील एका ठिकाणीं दीड तासांत अठ्ठेचाळीस हजार रुपये खर्च झाले, असें पोलीस आयुक्तांनीं सांगितलें. त्याच दिवशीं बालन्याय मंडळानें मुलास जामीन दिला, आणि ज्या अटी घातल्या त्यांत रस्त्यावरील अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची एक होती.

या निबंधाविषयीं देशभर संताप झाला. तीन दिवसांत मंडळानें हुकूम बदलून मुलास सुधारगृहांत धाडलें. पुढें मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयांतील दोन डॉक्टर पकडले गेले. सर्वांस संताप आला तो शिक्षा हलकी म्हणून. आम्हीं जन्मभर निबंध तपासले. आम्हांस वेगळेंच वाटलें. विषय चांगला होता, परीक्षार्थी थोडे होते. जेणें वय न विचारतां पेला पुढें केला त्यानें तीनशें शब्द लिहावे. जेणें घरांत मोटारीची किल्ली दिली त्यानें लिहावे. कायदा हें जाणतो. अल्पवयी मुलास मद्य देणाऱ्यास बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानें सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार कायद्यांत अल्पवयी मुलाच्या अपराधाबद्दल पालकास वा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड आहे. किती घरांत किल्ली खुंटीला टांगतांना हें कलम आठवतें?

आमचे एक संस्कृतचे स्नेही म्हणतात कीं हीं सर्व पाश्चात्यांचीं खुळें. त्यांस आम्हीं कौटिल्य काढून दाखविला. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. पानागारांत निरनिराळ्या खोल्या, शय्या, आसनें, ऋतूप्रमाणें गंध, माळा व पाणी असावें असें तेथें आहे. म्हणजे सुखसोयींची बंदी नाहीं. परंतु कोण किती उधळतो यावर गुप्त नजर असावी. आणि मद्यानें धुंद होऊन झोंपलेल्या गिऱ्हाइकाचे अलंकार, वस्त्रें व नाणें यांची नोंद असावी. तें नाहींसें झाल्यास दुकानदारानें तें भरून द्यावें आणि तितकाच दंड राजास द्यावा. धुंद माणसाची जबाबदारी ज्यानें त्यास धुंद केलें त्याजवर आहे, एवढी गोष्ट आपल्या येथें दोन हजार वर्षांमागें लिहिलेली आहे. पायरीखालचें सरकारचें, असें कौटिल्य म्हणत नाहीं.

पायरीच्या आंतलेंही सर्व ठीक असतें असें नाहीं. मुंबईस कमला मिल्सच्या आवारांत २९ डिसेंबर २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहांस आग लागून चौदा जण गेले. गोव्यांत हडफडें येथें ६ डिसेंबर २०२५ च्या रात्रीं नाइटक्लबाच्या आगींत पंचवीस गेले, त्यांत पाहुणे थोडे व तेथले नोकरच फार. आम्हीं टपरीवर बसल्या बसल्या समोरच्या इमारतीस दुसरें दार शोधलें. मागें एक होतें. त्याच्यापुढें दुपारचे ते धुतलेले क्रेट रचलेले होते.

दीड वाजतां परवान्याची वेळ संपते. दीडला पांच मिनिटें असतां ठोका थांबला आणि आंत झगझगीत पांढरे दिवे लागले. मग दहा मिनिटांत शेंदीडशें माणसें त्या सात पायऱ्या उतरून रस्त्यावर आलीं. हा क्षण आम्हीं कधीं कल्पिला नव्हता. आंत चार तास उजेड, गारवा, नोकर, पाणी, आणि बाहेर एकदम अंधार, थंडी व महामार्ग. रिक्षा दोन. फोनवर मागविलेल्या मोटारी एकामागून एक यावयाचें नाकारीत होत्या. रस्त्यावरचा दिवा एक सोडून एक बंद. कोथरूड पुणें शहर पोलिसांकडे, बावधन पिंपरी-चिंचवडकडे, पौड ग्रामीणकडे. तासाभराच्या या वाटेवर तीन पोलिसांच्या हद्दी. एका दुचाकीवर तिघे बसून निघाले. त्यांतल्या मधल्याचें डोकें पुढच्याच्या पाठीवर झुललेलें.

आणि मग, जणूं वेळापत्रकांत असल्याप्रमाणें, भांडण आलें. मोटार मागें घेतांना कोणाच्या तरी गुडघ्यास लागली. दोन्हीकडचे चार-चार जण, मध्यें मुली ओढताहेत, एकानें बाटली दगडावर फोडली. विद्यार्थ्यानें ११२ क्रमांक लावला. आम्ही उठून उभे राहिलों. काय करणार होतों हें देव जाणे. पायरीवर काळे सदरे हातांची घडी घालून उभे होते. त्यांत दुपारचा मुलगाही होता. त्यानें एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि तो पायऱ्या उतरला.

त्यानें कोणास मारलें नाहीं. बाटलीवाल्याचें मनगट त्यानें मागून धरलें, कोंपरांत असें कांहीं फिरविलें कीं बाटली आपोआप खालीं पडली, आणि त्यास लहान पोरासारखें कडेच्या दगडावर बसविलें. "गुमान बस. कुनाला फोन लावू? नंबर सांग."

तो मुलगा वीस-एकवीस वर्षांचा असेल. राग उतरल्यावर तो रडूं लागला होता. "घरी नको," एवढेंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "कुणालाही लाव, घरी नको."

वीस मिनिटांनीं पोलिसांची गाडी आली. तोंपर्यंत बरेचसे पांगले होते. वरून मालकाच्या माणसानें त्या दारावरच्या मुलास हांक मारली, ती शाबासकीची वाटली नाहीं. जातांना तो आमच्याजवळ थांबला व म्हणाला, "पुढच्या शनवारी बोलावतील का नाय, बघू." त्यास पुढें बोलावलें कीं नाहीं, याची चौकशी आम्हीं विद्यार्थ्यामार्फत चालविली आहे.

पुण्यापर्यंत आम्ही दोघे फारसें बोललों नाहीं. घराखालीं उतरलों तेव्हां तीन वाजावयास आले होते. जिना चढतां चढतां ध्यानांत आलें कीं घरीं आपण कांहींच कळविलें नाहीं. फोन दिवसभर खिशांत होता. अकरा वाजतां एकदां हातांतही घेतला होता. परंतु आपण कोठें बसलों आहों हें काय म्हणून सांगावें, तें न सुचून परत ठेवला होता. आतां दार, आणि दहाची कडी. घंटीवर बोट ठेवावें तर सारें घर उठेल. पायरीवर बसून साडेपांच होऊं द्यावे, दूधवाल्याबरोबर आंत जावें, असाही एक विचार मनांत येऊन गेला, आणि आम्ही खरोखरच उपरणें गुंडाळून पायरीवर बसलों.

दार आंतून उघडलें. कडी लागलेलीच नव्हती. आमचा नातू शाल पांघरून उभा होता. आंतल्या खोलींत दिवा होता, आणि आमचें कुटुंब जपाची माळ हातांत घेऊन बसलें होतें. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं.

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "फोन करायचा होता. मी आलो असतो न्यायला."